दोन इंजिनं आणि एक 'नाही'



२८ जानेवारी २०२६ रोजी बारामतीला विमान कोसळलं आणि अजितदादा पवार गेले. त्यांच्याबरोबर दोन वैमानिक, एक विमान कर्मचारी आणि एक सुरक्षारक्षक असे आणखी चार जण गेले. बारामती आमच्यापासून लांब नाही. जेऊरहून उजनीचं पाणी ओलांडलं की इंदापूर आणि त्याच्या पुढं बारामती. त्यामुळे आमच्याकडं बरेच दिवस दुसरा विषयच नव्हता. स्टेशनवर, पारावर, दूध डेअरीपाशी, जिथं जावं तिथं तेच. आणि मी एकेकाळचा मास्तर, तेव्हा मला सगळं ठाऊक असणार अशी लोकांची समजूत! हरेकाचा प्रश्न एकच होता. "गुरुजी, दोन इंजिनं होती की हो विमानाला! मग पडलं कसं?"

प्रश्न साधा आहे, पण त्यामागची समजूत मोठी फसवी आहे. दोन इंजिनं म्हणजे दुप्पट सुरक्षितता, असं आपण धरून चालतो. एक बंद पडलं तर दुसरं आहेच! या समजुतीविषयी आणि तिच्या आडून ज्या खऱ्या कारणाकडं आपलं दुर्लक्ष होतं त्याविषयी, आज चार शब्द लिहावेत असं मनात आहे. बारामतीच्या अपघाताचं कारण ठरवणं हे तपास यंत्रणेचं काम आहे. पारावर बसून आपण निकाल देऊ नये. पण अशा छोट्या दोन इंजिनी विमानांच्या अपघातांचा इतिहास पुष्कळ जुना आहे आणि त्यातून शिकण्यासारखंही पुष्कळ आहे.

आता तुम्ही म्हणाल, आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवलेल्या माणसाला हे विमानाचं वेड कुठून लागलं? तर त्याला कारण आहे आमच्या मेहुणीचा नातू. पोरगा वैमानिक व्हायला निघालाय. आपल्याकडं व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास उड्डाण करावं लागतं. ते पुरे होत आले की दोन इंजिनी विमानावरचं शिक्षण. सुटीत आला की माझ्याशेजारी बसतो आणि कागदावर आकृत्या काढून समजावतो. त्याला शिकवायची हौस आणि मला शिकायची. खाली जे तांत्रिक लिहिलंय ते त्याच्याकडून आणि वाचनातून आलेलं आहे.

आधी इंजिनाचं गणित पाहू. ज्यांना गणिताचा कंटाळा आहे त्यांनीही वाचा, सोपं आहे.

समजा, घरात दोघं कमावते आहेत. दोघांचे मिळून महिना ४०,००० रुपये येतात. घरखर्च १८,०००. म्हणजे शिल्लक २२,०००. आता एकाची नोकरी गेली. उत्पन्न निम्म्यावर, म्हणजे २०,००० वर आलं. खर्च तेवढाच. शिल्लक किती? फक्त २,०००! उत्पन्न निम्मं झालं, पण शिल्लक ९० टक्क्यांहून जास्त घटली. विमानाचं हुबेहूब असंच आहे. इंजिनाची बरीचशी शक्ती विमान आहे त्या उंचीवर नुसतं पुढं नेण्यातच खर्च होते. वर चढायला वापरायची ती उरलेली शिल्लक. हलक्या दोन इंजिनी विमानाचं एक इंजिन गेलं की शक्ती निम्मी होते, पण वर चढण्याची क्षमता ८० ते ९० टक्क्यांनी कमी होऊ शकते. त्यात बंद पडलेल्या इंजिनाचा पंखा वाऱ्यानं फिरवला जाऊन विमानाला मागं ओढत असेल तर उरलीसुरली शिल्लकही जाते. नोकरी गेली आणि वर त्या माणसाचं कर्ज अंगावर आलं, अशातली गत. म्हणून वैमानिकाला त्या पंख्याची पाती फिरवून त्यांची धार वाऱ्याकडं करावी लागते, म्हणजे ओढ कमी होते. काही हलक्या विमानांच्या बाबतीत तर एका इंजिनावर वर चढता आलंच पाहिजे अशी सक्तीही अमेरिकेच्या नियमांत नव्हती. लियरजेटसारख्या जेट विमानांना नियम अधिक कडक असतात, तो भाग वेगळा.

आता दुसरी गोष्ट. ही शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्यांना लगेच कळेल. बैलगाडी भरधाव चाललीय आणि जोडीतला एक बैल एकाएकी खाली बसला, तर गाडी सरळ जाते का? नाही. ती त्या बैलाच्या बाजूला गर्रकन वळते. उजवं इंजिन बंद आणि डावं पूर्ण जोरात, असं झालं की विमानाचं नाक उजवीकडं फिरू लागतं. वैमानिक पायाखालचं पेडल दाबून शेपटीकडचं सुकाणू वळवतो आणि विमान सरळ ठेवतो. पण सुकाणूला जोर मिळतो तो वाऱ्याचा, म्हणजे वेगाचा. वेग एका मर्यादेखाली गेला की पेडल कितीही दाबा, विमान ऐकत नाही. ते वळतं, कलतं, उलटं होतं. म्हणून या विमानांच्या वेगमापकावर दोन रेघा असतात, एक तांबडी आणि एक निळी. तांबडीच्या खाली गेलात तर एका इंजिनावर विमान ताब्यात राहणार नाही. निळीवर राहिलात तर एका इंजिनावर जास्तीत जास्त जितकं चढता येईल तितकं चढेल. आयुष्यभर तांबड्या पेन्सिलीनं वह्या तपासलेल्या मला ही रेघ फार आवडली. वहीतली तांबडी रेघ पुढच्या वेळी सुधारता येते. इथली रेघ ती सवलत देत नाही.

आणि हे सगळं ओळखायला वेळ किती? उड्डाणाच्या वेळी इंजिन गेलं तर काही सेकंद. तेवढ्यात कोणतं इंजिन गेलं हेही बरोबर ओळखायचं. ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैवानमध्ये तैपेईला ट्रान्सएशियाचं एटीआर विमान उडालं आणि एक पंखा निकामी झाला. गडबडीत वैमानिकानं चालू असलेलं दुसरं इंजिनच बंद केलं! विमान पुलाला घासून नदीत पडलं. ४३ माणसं गेली. हे विमान हलकं नव्हतं, सत्तरेक माणसांचं होतं. पण धडा तोच. इंजिनं दोन असली तरी ती सांभाळणारं डोकं ठिकाणावर पाहिजे. वैमानिकांत यावर एक कडवट विनोद आहे म्हणे. हलक्या विमानातलं दुसरं इंजिन कशासाठी असतं? तर तुम्हाला अपघाताच्या जागेपर्यंत पोचवण्यासाठी!

असो. हे झालं इंजिनाचं. पण आता आपल्या देशातले मोठे अपघात आठवून पाहा. त्यात इंजिनापेक्षा दुसरंच काहीतरी पुन्हा पुन्हा समोर येतं.

९ जुलै १९९४. पंजाबचे राज्यपाल सुरेंद्रनाथ कुटुंबासह सरकारी सुपर किंग एअर विमानानं निघाले होते. पावसाळी हवेत विमान हिमाचलच्या डोंगरावर आदळलं. १३ जण गेले.

३० सप्टेंबर २००१. माधवराव शिंदे कानपूरच्या सभेला निघाले होते. किंग एअर सी ९०, दोन इंजिनांचं. हवा खराब होती. उत्तर प्रदेशात मैनपुरीजवळ विमान कोसळलं. आठही जण गेले. शिंदे घराणं मूळचं साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचं, त्यामुळं आपल्याकडंही घरोघरी हळहळ झाली.

२२ डिसेंबर २०१५. सीमा सुरक्षा दलाचं सुपर किंग एअर दिल्लीहून रांचीला तंत्रज्ञांना घेऊन निघालं आणि लगेच द्वारका भागात कोसळलं. १० जण गेले. जमिनीपासून फार वर न जाताच ऑटोपायलट जोडला गेला, विमान दिशा सोडून वळू लागलं आणि ते वेळेत सावरलं गेलं नाही, असं चौकशीत निघालं.

२८ जून २०१८. हा अपघात मुंबईकरांच्या डोळ्यांसमोरचा. जुहूहून चाचणीसाठी उडालेलं किंग एअर सी ९० घाटकोपरच्या सर्वोदयनगरात, बांधकाम चालू असलेल्या इमारतीपाशी पडलं. विमान जुनं, पूर्वी उत्तर प्रदेश सरकारचं. कैक वर्षं न उडालेलं विमान दुरुस्त करून पुन्हा उडवून पाहत होते. जून महिना, पावसाळी हवा. दोन वैमानिक आणि देखभाल करणारे दोघं असे विमानातले चारही जण गेले. आणि पाचवा गेला तो रस्त्यानं चाललेला एक माणूस. त्याचा या विमानाशी काडीचा संबंध नव्हता. बांधकामावरचे मजूर जेवायला गेले होते म्हणून वाचले, नाहीतर आकडा कुठं गेला असता कुणास ठाऊक.

या अपघाताच्या तपासात 'स्टॉल' हा शब्द येतो. स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. वेग कमी पडला किंवा नाक फार वर धरलं की पंखावरून जाणारी हवा पंखाला धरून राहत नाही, उचल संपते आणि विमान खाली येतं. इंजिनं दोन्ही व्यवस्थित घरघरत असली तरी! उंची भरपूर असेल तर नाक खाली करून वेग मिळवता येतो आणि विमान सावरतं. ढगांखालून, कमी उंचीवर, वळताना तसं झालं तर सावरायला जागाच नसते.

आणि आता फेब्रुवारी २०२६ मध्ये, बारामतीला महिना व्हायच्या आत, रांचीहून दिल्लीला रुग्ण घेऊन निघालेलं किंग एअर झारखंडमध्ये चतरा जिल्ह्यात कोसळलं. सात जण गेले.

एवढी यादी वाचल्यावर कुणालाही वाटेल की ही विमानंच वाईट. पण तसं म्हणणं अन्यायाचं होईल. किंग एअर हे १९६० च्या दशकापासून जगभर चाललेलं आणि नावाजलेलं विमान आहे. त्याच सी ९० ची आपल्या नागपूरची गोष्ट ऐका. ६ मे २०२१, कोरोनाचे ते भयंकर दिवस. रुग्णाला घेऊन जाणारं विमान नागपूरहून उडताना त्याचं एक चाकच निखळून पडलं. वैमानिकानं घाई केली नाही. विमान मुंबईला आणलं. धावपट्टीवर फेस पसरून ठेवला होता. चाकं न उघडता पोटावर विमान उतरवलं. रुग्णासह पाचही जण सुखरूप! विमान तेच, इंजिनं तीच दोन. फरक होता तो शांत डोक्याचा आणि खाली सज्ज असलेल्या यंत्रणेचा.

आता माझं म्हणणं सांगतो. पटलं नाही तर जरूर भांडा.

माझ्या मते छोट्या विमानात सगळ्यात महत्त्वाचं यंत्र म्हणजे वैमानिकाचा 'नाही' हा शब्द. "आज हवा बरी नाही, मी उडणार नाही." "धावपट्टी दिसत नाही, मी उतरणार नाही, पुण्याला जाऊ." "या विमानाची अमुक तपासणी राहिलीय, आज नाही." हा शब्द ज्या विमानात मोकळेपणानं उच्चारता येतो ते विमान एका इंजिनाचं असलं तरी मी त्यात बसेन. जिथं उच्चारता येत नाही तिथं चार इंजिनं लावा, उपयोग नाही.

मोठ्या कंपनीच्या विमानात हा शब्द बोलणं तुलनेनं सोपं असतं. दीडशे प्रवासी मागं बसलेले असतात, पण त्यातला कुणी पुढं येऊन वैमानिकाला "चला हो" म्हणू शकत नाही. त्याच्या पाठीशी नियमांची जाडजूड पुस्तकं असतात, हवामान खातं असतं, पर्यायी विमानतळ ठरलेला असतो. छोट्या विमानात मागं बसलेला माणूसच मालक असतो, नाहीतर मंत्री, नाहीतर ज्याच्या पैशावर कंपनी चालते तो गिऱ्हाईक. तो काही बोलला नाही तरी त्याची सभा बोलते, खाली जमलेली गर्दी बोलते, हार घेऊन उभे असलेले कार्यकर्ते बोलतात. कुणी दम दिला पाहिजे असं नाही. नुसतं घड्याळाकडं पाहिलं तरी पुरतं.

आणि इथं आपणही सुटत नाही, मंडळी. नेता सभेला आला नाही की आपण काय म्हणतो? "आम्हाला उन्हात बसवलं आणि साहेब आलेच नाहीत!" हवा खराब होती म्हणून आले नाहीत, हे कारण आपल्याला कधी पटतं का? आपल्याला तो अपमान वाटतो. निवडणुकीच्या दिवसांत तर एका दिवशी चार-चार गावांना चार-चार सभा. त्या चार सभांचं वेळापत्रक अखेर कुणाच्या माथी येतं? पुढं बसलेल्या दोन वैमानिकांच्या.

दुसरी गोष्ट छोट्या धावपट्ट्यांची. बारामतीला मोठ्या विमानतळासारखी, यंत्राच्या खुणेवर विमान उतरवायची सोय त्या दिवशी नव्हती. तिथली माहिती वैमानिकांना देण्याचं काम तिथल्या प्रशिक्षण संस्थांकडं होतं. म्हणजे धावपट्टी डोळ्यांनी दिसली पाहिजे, हाच आधार. त्या सकाळी पहिल्यांदा धावपट्टी दिसली नाही म्हणून विमान पुन्हा वर गेलं होतं आणि दुसऱ्या खेपेला कोसळलं, एवढं सगळ्यांनी वाचलेलं आहे. मी कुणाला दोष देत नाही. पण जिल्ह्याजिल्ह्याला धावपट्टी मागणाऱ्या आपण लोकांनी तिच्याबरोबर हवामान मोजणारी यंत्रं, प्रशिक्षित माणूस आणि अग्निशमनाची गाडीही मागायला नको का? नुसता डांबरी पट्टा म्हणजे विमानतळ नव्हे. फळा टांगला म्हणजे शाळा होत नाही, तसंच हे. आपल्या सोलापुरातच विमानसेवेच्या आड येते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली, केवढा वाद झाला! पण वाद झाला तसा विचारही झाला. जून २०२५ मध्ये गोव्याची विमानं सुरू झाली. छोट्या धावपट्ट्यांबद्दल असा विचार कोण करणार?

तिसरी गोष्ट जबाबदारीची. माधवराव शिंदे नागरी विमान वाहतूक मंत्री होते तेव्हाची गोष्ट आहे. ९ जानेवारी १९९३ रोजी भाड्यानं घेतलेलं एक टीयू १५४ विमान दिल्लीला उतरताना उलटलं आणि पेटलं. एकही माणूस दगावला नाही. तरी शिंदे यांनी राजीनामा दिला. पुढं आठ वर्षांनी त्यांचाच शेवट विमानात व्हावा, हा दैवाचा खेळ म्हणायचा. पण मला त्यातलं पहिलं जास्त आठवतं. कुणी मेलं नाही तरीही जबाबदारी माझी, असं म्हणणारा मंत्री होऊन गेला. आज अपघात झाला की चार दिवस चर्चा, मग अहवाल येतो तेव्हा तो वाचायला कुणाला सवड नसते. हे अहवाल इंग्रजीत आणि कठीण भाषेत असतात. त्यांचा दोन पानी मराठी गोषवारा त्या त्या जिल्ह्यात प्रसिद्ध करायला काय हरकत आहे? घाटकोपरच्या त्या पादचाऱ्याच्या घरच्यांना, कारण काय होतं ते आपल्या भाषेत कळायला नको?

यावर एक आक्षेप येईल, तो मीच घेतो. रुग्णाला नेणाऱ्या विमानानं 'नाही' म्हटलं तर रुग्ण दगावेल, त्याचं काय? खरं आहे. कठीण आहे. पण विमान पडलं तर रुग्ण तर जातोच, शिवाय डॉक्टर, नातेवाईक आणि वैमानिकही जातात. म्हणून तो निर्णय रडणाऱ्या नातेवाइकांवर किंवा बिलाची वाट पाहणाऱ्या कंपनीवर सोडू नये. वैमानिकाला तर रुग्ण किती गंभीर आहे हेसुद्धा आधी सांगू नये, असं माझं मत आहे. त्यानं फक्त आकाशाकडं पाहून हो किंवा नाही म्हणावं.

हे सगळं विमानापुरतं आहे असं समजू नका. २१ मे २०२४ ची संध्याकाळ आमच्या करमाळा तालुक्यातला माणूस विसरणार नाही. कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उजनीच्या पाण्यात उलटली. सहा जण गेले. त्यात लहान मुलंही होती. रोजचा रस्ता, रोजचं पाणी. वारा माणसाची निकड पाहत नाही. तो मंत्र्याला ओळखत नाही आणि गरिबालाही ओळखत नाही. तेव्हा "आज थांबू या" म्हणणाऱ्याला भित्रा म्हणायची आपली जी सवय आहे, ती आधी मोडायला हवी. एस.टी.चा ड्रायव्हर पुलावरून पाणी वाहतंय म्हणून गाडी थांबवतो तेव्हा मागून ओरडणारे आपणच असतो ना?

आमच्या पोराचं शिक्षण आता संपत येईल. मग तो कुठल्यातरी छोट्या कंपनीत लागेल. वय पंचविशीच्या आत, डोक्यावर शिक्षणासाठी काढलेलं कर्ज आणि मागं बसलेला साठीचा कुणी मोठा माणूस. त्या माणसाला "साहेब, आज नाही" म्हणायला त्याच्या अंगात बळ कुठून येणार? विमान शाळेत तांबडी रेघ, निळी रेघ शिकवतील. हे बळ कोण शिकवणार? ते घरातून न्यावं लागतं. म्हणून नात्यातल्या सगळ्यांना सांगणं आहे की त्याला फोन कराल तेव्हा पगार किती, कोण कोण मोठी माणसं विमानात बसली, हे विचारू नका. आज किती वेळा नाही म्हणालास, ते विचारा. आणि नाही म्हटल्यामुळं कधी नोकरी गेलीच, तर जेऊरला घर आहे, दोन वेळचं जेवण आहे, कर्जाचा हप्ता मिळून भरू, असं आत्ताच सांगून ठेवा. मी तर सांगितलंय.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.